बाससाठी एन्व्हलप फिल्टर पेडल: घोडं कुठे पेंड खातं

‘गिटारचं सर्किट घ्या, इनपुटचा कपॅसिटर मोठा करा, झालं बासचं पेडल!’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकून मी पहिलं एन्व्हलप फिल्टर पेडल (तार जितकी जोरात छेडाल तितका फिल्टर उघडणारं) बांधलं आणि खालच्या ई तारेवर ते चक्क गुळण्या करायला लागलं. तेव्हापासून अशी पाच-सहा पेडलं बांधून झाली. सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर हाताशी आहे, असं धरून चालतो.

मी जो आराखडा वापरतो त्याचं मूळ 1972 च्या म्यू-ट्रॉन थ्री या पेडलमध्ये आहे. फंक बासवादक बूट्सी कॉलिन्सच्या बासवरचा तो ‘क्वॅक’ याच जातीचा. तार छेडली की आवाजाच्या जोरानुसार एलईडी पेटतो, त्याच्या उजेडाने एलडीआरचा (उजेडानुसार बदलणाऱ्या रेझिस्टरचा) रोध उतरतो आणि फिल्टर उघडतो.

आधी फक्त फिल्टर, तोही ब्रेडबोर्डवर. एका टीएल074 (चार ऑपअॅम्पची आयसी) मधला एक ऑपअॅम्प इनपुट बफरला, उरलेले तीन स्टेट-व्हेरिएबल फिल्टरला. फिल्टरमधल्या दोन्ही इंटिग्रेटरना 22 नॅनोफॅरडचे कपॅसिटर (दुकानात ‘223’ मागा). प्रत्येकाच्या रोधाच्या जागी एलडीआर आणि 2.2 किलोओहम सिरीजमध्ये, त्या जोडीला समांतर 47 किलोओहम. म्हणजे अंधारात फिल्टर 150 हर्ट्झच्या आसपास बसतो. सध्या एलडीआरऐवजी साधा 10 किलोओहम लावा आणि वाजवून बघा. वाहवाह पेडल मध्येच अडकल्यासारखा आवाज आला पाहिजे. आला नाही तर पुढे जाऊ नका. आउटपुट लो-पासवरूनच (खालचे स्वर जाऊ देणारं टोक) घ्या. बँड-पास (फक्त मधला पट्टा सोडणारं टोक) घरी एकट्याने वाजवताना झकास वाटतो, ड्रमर सुरू झाला की बास गायब.

आता डिटेक्टर, म्हणजे आवाजाचा जोर मोजून एलईडी पेटवणारा भाग. घोडं पेंड खातं ते इथे.

खालची ई तार 41 हर्ट्झवर हलते, म्हणजे एक लाट 24 मिलिसेकंदांची. एकाच डायोडचा डिटेक्टर प्रत्येक लाटेत कपॅसिटर एकदाच भरतो. 1 मायक्रोफॅरडला 100 किलोओहमची गळती (कपॅसिटर रिकामा करणारा रोध) ठेवली, तर मधल्या वेळात वीसेक टक्के व्होल्टेज ओसरतं. फिल्टर त्याच तालात खालीवर होतो आणि गुळण्या ऐकू येतात. मी शहाणपणा करून तिथे 22 मायक्रोफॅरड ठोकला. गुळण्या गेल्या, पण फिल्टर मिटायला दोन सेकंद घ्यायला लागला. पहिल्या स्वराला क्वॅक, पुढचे सगळे सपाट.

उपाय एकच, फुल-वेव्ह, म्हणजे लाटेच्या दोन्ही अर्ध्या भागांत कपॅसिटर भरणारा डिटेक्टर. टीएल072 चा एक ऑपअॅम्प सिग्नल वाढवतो (सेन्सिटिव्हिटीचा पॉट इथेच), दुसरा तो उलटा करतो. दोन्हीकडून एकेक 1एन4148 डायोड आणि मग 1 किलोओहममधून एकाच 2.2 मायक्रोफॅरडवर. गळती 100 किलोओहमचीच. आता कपॅसिटर दर 12 मिलिसेकंदांनी भरतो आणि थरथर कानाला जाणवत नाही. एक गोष्ट बहुतेक आराखड्यांत धड सांगितलेली नसते: डायोडच्या आधी दोन्ही आउटपुटना 10 मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर आणि त्यापुढे ग्राउंडला 10 किलोओहम हवाच. नाहीतर 4.5 व्होल्टचा बायस (सर्किटचा स्थिर मधला व्होल्टेज) थेट पुढे जातो आणि तार न छेडताही एलईडी पेटून बसतो.

त्या व्होल्टेजवर बीसी547सी ट्रान्झिस्टरचा बेस, एमिटरला 470 ओहम, कलेक्टर आणि 9 व्होल्टच्या मध्ये दोन हिरवे एलईडी सिरीजमध्ये. हिरवेच का, तर जीएल5528 सारखे एलडीआर हिरव्या उजेडाला सर्वाधिक संवेदनशील असतात. या एमिटरचं ग्राउंड वेगळ्या वायरने थेट पॉवर जॅकवर न्या, नाहीतर प्रत्येक छेडीला ‘टक्’ ऐकू येईल.

एलडीआर दहा घ्या, स्वस्तच असतात. एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावर मोजा आणि जवळपास सारखे भरणारे दोन निवडा. प्रत्येकासमोर एकेक एलईडी तोंडाला तोंड लावून काळ्या हीट-श्रिंकमध्ये घाला आणि दोन्ही टोकं काळ्या टेपने बुजवा. एलडीआरच्या पाठीमागूनही उजेड शिरतो. माझ्या दुसऱ्या पेडलमध्ये टेबलावर सतत घुरघुर यायची. दोन दिवस डिटेक्टरला शिव्या घातल्या. शेवटी रात्री वीज गेली, बॅटरीवर वाजवलं तर आवाज स्वच्छ! डोक्यावरची ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकत होती आणि एलडीआरला ते दिसत होतं. आता मी मोबाइलचा टॉर्च सगळ्या बाजूंनी मारतो आणि मीटरचा आकडा हलला तर आणखी टेप गुंडाळतो.

क्लीन ब्लेंडसाठी (मूळ आवाज फिल्टरच्या आवाजात मिसळायला) आणखी एक टीएल072. फुटस्विच, जॅक, डबा नेहमीसारखे. फक्त पेडल चालू असल्याचा एलईडी एलडीआरपासून लांब ठेवा आणि कंप्रेसर (आवाजाच्या जोराचे चढउतार सपाट करणारा) पेडलच्या पुढे न लावता मागे, म्हणजे अॅम्पच्या बाजूला लावा.