हत्ताजोडी, इंद्रजाल कसं ओळखायचं आणि मग करायचं काय

दिवाळी जवळ आली की कुठल्यातरी ग्रुपवर मेसेज येतोच, ओरिजिनल हत्ताजोडी, सिद्ध केलेली, लक्ष्मी टिकते वगैरे. आमच्या एका काकांच्या तिजोरीतच निघाली, चांदीच्या डबीत शेंदूर-लवंगांसकट, आणि काका ठाम की ही अमरकंटकच्या जंगलातली मुळी आहे. मुळीबिळी काही नाही हो. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे ते, जोडीनं असतं म्हणून हात जोडल्यासारखं दिसतं.

ओळखायचं कसं? आधी जाहिरात वाचा. "दुर्मिळ मुळी" म्हणतात पण झाडाचं धड नाव नाही, शेंदरात बुडवलेली, सोबत सियारसिंगी (कोल्ह्याचं शिंग म्हणून विकतात ते) पण मिळेल असं लिहिलेलं, की समजून जा. प्लॅस्टिकच्या पण विकतात, साच्यातून काढल्यासारख्या सगळ्या सारख्या. तरी खरी का खोटी हे घरी जाळून, खरवडून बघत बसू नका, खात्री लॅबमध्येच होते, आणि खोटी घेतली तरी मागणी वाढतेच ना.

इंद्रजालचं तसंच. वास्तुदोषासाठी फ्रेम करून भिंतीवर लावतात ती काळी जाळी, समुद्री वनस्पती म्हणून खपवतात. तो समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळ, म्हणजे प्राणीच. घोरपड आणि हे दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड किमान २५ हजार.

काकांचा प्रश्न मात्र रास्त होता, कायदा १९७२ चा आहे तर माल मिळतोच कसा, मग बंदीचा उपयोग काय? माझं मत, बंदी चालते पण माल ओळखू येतो तिथपर्यंतच. सत्तरच्या दशकापर्यंत सापांची, घोरपडींची कातडी उघड परदेशी जायची. कातडं लपत नाही, कारखाना लागतो, बंदरावर कस्टम बसलेलं असतं, त्यामुळे तो धंदा मोडता आला. हत्ताजोडी पाकिटात मावते आणि वर नाव मुळीचं, कुरिअरवाल्याला काय कळणार?

दुसरं, पकडणाऱ्याच्या पोटाचं काय. तमिळनाडूतले इरुला आदिवासी कातड्यासाठी साप धरायचे, बंदी आली आणि धंदाच बसला. मग १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था निघाली, तेच लोक साप धरतात, विष काढतात, परत सोडून देतात, आणि ते विष सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) बनवायला जातं. नुसत्या बंदीनं हे झालं नसतं, आणि बंदी नसती तर कातड्याचा धंदा सोडून याकडे कोण वळलं असतं?

आता जाहिरात दिसली तर काय करायचं. स्क्रीनशॉट घ्या, त्यात विकणाऱ्याचं नाव, नंबर, लिंक, किंमत, तारीख सगळं आलं पाहिजे. "बघा काय चाललंय" म्हणून तो मेसेज पुढे ढकलू नका, त्याची फुकट जाहिरात होते. पकडून द्यायचं म्हणून स्वतः ऑर्डर तर अजिबात करू नका, विकत घेणं पण गुन्हाच आहे. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६, आणि केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोचा टोल फ्री नंबर १८००-११-९३३४. वेबसाइटवर असेल तर तिथलं रिपोर्ट बटण पण दाबा, पण त्याआधी स्क्रीनशॉट, कारण पान उडालं की पुरावा गेला.

घरातच निघाली तर नदीत सोडू नका, कुणाला देऊ नका, विकायचा तर विचारच सोडा. जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला भेटून सांगा, भीती वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला. काका अजून "बघू" म्हणतायत, डबी कपाटात वरच्या फळीवर सरकवलीये, रविवारी परत जाणारे मी.