पाण्याखालचा स्वस्त कॅमेरा: या चुका नागपुरातच टाळा

घरीच पीव्हीसी पाइपच्या बंद डब्यात कॅमेरा बसवून पाण्याखालचे मासे टिपणारे पुष्कळ आहेत, आणि दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की त्यांचे मला ठरलेले फोन येतात. “दादा, मालवणले चाललो. कॅमेऱ्याचा डबा तयार हाये, फक्त थोडंसं पाणी आत येते.” फक्त थोडंसं! रास्पबेरी पायच्या (कॅमेरा चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) चालू बोर्डावर खाऱ्या पाण्याचा एक ओघळ पडला की बोर्ड गेलाच म्हणून समजा.

आपली अडचण साधी आहे. मालवणचा समुद्र जवळपास हजार किलोमीटर लांब. मडगावची गाडी पकडून कुडाळला उतरायचं, तिथून मालवण. तिथे होडीत बसल्यावर ओ-रिंग (झाकणाखालचं रबरी कडं) चेपलेली निघाली तर लोखंडी सामानाची इतवारीची लोहाओळ हाताशी नसते आणि सीताबर्डीचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकानही नसतं. डबा फुटायचाच असेल तर तो इथल्या पाण्यात फुटू द्या.

रिकामा डबा न बुडवणं

सगळ्यात जास्त वैताग मला याच चुकीचा येतो. पाइप कापला, झाकण बसवलं, की पोट्टे लगेच कॅमेरा आत टाकून कूलरच्या टाकीत बुडवतात. व्हिडिओ आला की डबा पास! कूलरमध्ये पाणी फूटभर. तिथे दाब असा नसतोच.

हिशोब करून बघा. चार इंची पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे झाकणाचं क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस सेंटिमीटर. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. पाच मीटरवर झाकणावर सत्तेचाळीस किलो झाले, जवळपास सिमेंटची एक गोणी. तीन मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकचं (पारदर्शक प्लास्टिकचं) झाकण या भाराखाली मधोमध वाकतं, मग कडेला ओ-रिंगवरची त्याची बैठक बिघडते. मी दहा मिलिमीटरचंच घेतो. महाग पडतं, पडू दे.

चाचणीला मला विहीर लागते. काटोल-कळमेश्वरकडे कुणाच्या ना कुणाच्या संत्र्याच्या बागेत ओळख निघतेच. दोरीला दर मीटरवर गाठ मारायची, डब्यात कॅमेऱ्याऐवजी कोरडा टिश्यू पेपर ठेवायचा, वजन बांधायचं आणि रात्रभर खाली सोडून द्यायचा. डबा काठावरूनच सोडायचा आणि ओढायचा. अडकला तर त्याच्यासाठी विहिरीत उतरायचं नाही. मालकाला विचारल्याशिवाय तर विहिरीजवळही जायचं नाही.

टिश्यूवर जेल पेनने रेघा मारून त्याच्या पट्ट्या प्रत्येक जोडाजवळ चिकटवतो. एक झाकणाशी, एक काचेशी, एक केबल शिरते तिथे. ज्या पट्टीची शाई पसरली, तो जोड गळका. पाणी आलं की नाही हे कुणीही सांगेल, कुठून आलं हे कळण्यासाठी हा खटाटोप.

अजून एक गोष्ट घाईच्या लोकांना पटत नाही. काही डबे खोलवर कोरडे राहतात आणि उथळ पाण्यात गळतात, कारण झाकण दाबून ओ-रिंग घट्ट बसवणारा भारच तिथे नसतो. म्हणून आधी तासभर फूटभर पाण्यात, मग खोल. कूलर तेवढ्यापुरता चालेल.

झाकणावर संशय, केबलवर विश्वास

इंजिनिअरिंगच्या पोरांची एक टोळी मालवणला गेली होती. डब्यातून लॅपटॉपपर्यंत वीस मीटर नेटवर्क केबल, झाकणाला ग्लँड (केबल आवळून धरणारी चकती), सगळं दिसायला झकास. चार मीटरवर अर्धा तास चित्र छान आलं, मग बंद. उघडलं तर तळाशी चमचा-दोन चमचे पाणी. साहजिकच झाकणाला सिलिकॉन फासलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग आणखी सिलिकॉन. पुन्हा तेच. शेवटी वैतागून झाकणाभोवती इपॉक्सी पुटी थापली, म्हणजे आता गळतंय तरी उघडताही येत नाही. होडीवाले काका म्हणे शांतपणे विडी ओढत बघत होते. त्यांनी सुट्टीवर आलेले असे पुष्कळ शास्त्रज्ञ पाहिले असणार.

डबा नागपूरला आला, मी हॅक्सॉने कापला. ओ-रिंगच्या आतली कड खडखडीत कोरडी. मिठाचा पांढरा ओघळ सुरू झाला होता केबलच्या टोकापासून, आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. केबलवरून बोट फिरवत गेलो तर डब्यापासून काही मीटरवर वरचं आवरण होडीच्या कडेला घासून चिरलेलं. पाणी तिथून आवरणाखाली शिरलं, आतल्या तारांमधल्या पोकळीतून सरळ डब्यात. ग्लँड केबलला फक्त बाहेरून आवळते. आवरणाच्या आतून येणारं पाणी तिला दिसतही नाही.

माझी सवय अशी: केबल डब्यात शिरली की तिथेच चार बोटं आवरण सोलायचं, तारा एकमेकींपासून फाकवायच्या आणि पाइपच्या छोट्या एंड कॅपमध्ये उभ्या धरून वर हळू सुकणारं इपॉक्सी ओतायचं. बारीक धाग्यांची तार असेल तर पाणी तांब्याच्या धाग्यांमधूनही येतं. तिथे थोडं तांबं उघडं करून सोल्डर भरायचं, मग इपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका. चोवीस तास थांबणं ज्याला जमत नाही त्याने काठावर बसून गळ टाकावा, मासे तसेही दिसतील. ग्लू गनबद्दल मला विचारूच नका.

आतलं धुकं

मे महिन्यात नागपुरात बंद केलेला डबा पाण्यात धुकत नाही, तोच ऑगस्टमध्ये बंद केला की पाचव्या मिनिटाला काच पांढरी. डब्यात कोंडलेली हवा दमट असते आणि गार पाणी लागलं की ओल काचेवर बसते. मालवणची हवा तर कायमच दमट, म्हणून किनाऱ्यावर डबा उघडून “जरा बॅटरी बदलतो” हा उद्योग नको. एसी लावलेल्या खोलीत बंद करा, आत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यातल्या जुन्या पुड्यांनी आधीच पोटभर ओल प्यायलेली असते. आणि बंद डबा होडीत उन्हात ठेवू नका, आतली हवा फुगून नुसतं दाबून बसवलेलं झाकण सैल करते.

बाकीच्या, भराभर

वायफाय पाण्याखाली चालत नाही. काही सेंटिमीटरमध्ये सिग्नल संपतो. हे सांगूनही दर वर्षी कुणीतरी ईएसपी-३२ (वायफायवाला छोटा बोर्ड) घेऊन खाली मोबाइलवर लाइव्ह बघणार असतो.

आंबट वास येणारं सिलिकॉन बोर्डाजवळ नको, त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा.

अ‍ॅक्रिलिक थिनरने पुसलं की बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, बस. सावजी मटण खाऊन त्याच बोटांनी ती बसवू नका. एक केस, वाळूचा एक कण तिच्यावर राहिला तरी गळती.

डबा बुडत नाही! ३० सेंटिमीटर लांब, चार इंची पाइप जवळपास तीन लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे डब्याचं सगळं सामान धरून तीन किलोच्या वर वजन झालं तरच तो खाली जाईल. आणि तळाशी स्थिर बसायला त्याहून बरंच जास्त हवं. जिमच्या जुन्या प्लेटा बांधा, दोरीला गुंडाळलेला दगड निसटतो.

टॉर्च लेन्सला चिकटवून लावला की पाण्यातला गाळ चमकतो आणि बर्फ पडल्यासारखं चित्र येतं. हातभर बाजूला, तिरका लावा. दिवसा तीन-चार मीटरवर मला तो लागतच नाही. लाल रंग मात्र पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, तेव्हा निळंहिरवं चित्र आलं म्हणून कॅमेरा बदलायला धावू नका.

लेन्स आणि फोकस

सपाट काचेतून पाण्यात बघताना कॅमेऱ्याची नजर आकसते. रास्पबेरी पायच्या कॅमेरा मॉड्यूल २ ची आडवी नजर हवेत ६२ अंश, पाण्यात साधारण ४५. शिवाय मीटरभर लांबचा मासा लेन्सला पाऊण मीटरवर भासतो. हवेत टेबलावर जुळवलेला फोकस म्हणून फसतो. इथे कूलरची टाकी कामाची: एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला छापील कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पाण्यातच फोकस.

आरओच्या प्री-फिल्टरची पारदर्शक बाटली वापरणारेही आहेत. ओ-रिंग आयती, आवळायचा पाना आयता, खिंडसी तलावाच्या काठावर हात बसवायला उत्तम. पण बाजू गोल असल्याने चित्र एका दिशेने ताणलं जातं. माशांची लांबी मोजायची असेल तर तिच्या नादी लागू नका.

रेकॉर्डिंग

एमपी-४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मधेच बॅटरी गेली तर तासाभराचं चित्रण असूनही फाइल उघडत नाही. पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा, गेला तर एक तुकडा जाईल. कमी करंट ओढला की पॉवर बँक आपोआप बंद होते, तेही घरीच तपासा.

रास्पबेरी पाय झीरोला स्वतःचं घड्याळ नसतं. इंटरनेट नसेल तर फाइलवर भलतीच तारीख पडते, आणि मग तो गोब्रा मासा भरतीला आला की ओहोटीला हे कुणाला सांगता येणार? डबा सोडण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर मनगटी घड्याळ आणि तारीख-जागा लिहिलेली पाटी धरा.

जागेचंही बघा. फुटाळा तलावाच्या हिरव्या पाण्यात वीतभर पुढचं दिसत नाही, तिथे चित्रण वाईट आलं म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देऊ नका. पेंच व्याघ्र प्रकल्प असो की १९८७ पासूनचं मालवणचं सागरी अभयारण्य, हद्दीत काही सोडायचं तर आधी वन विभागाची परवानगी. तारलीचं आमिष लावायचं असेल तर तेही त्यांना सांगा.

वर काढल्यावर डबा लगेच उघडायची घाई नको. बादलीभर गोड्या पाण्यात तो काही वेळ बुडवून ठेवा, पुसा, मग झाकण खालच्या बाजूला धरून उघडा. कडेला अडकलेले थेंब तेव्हा जमिनीवर पडतात, बोर्डावर पडत नाहीत.