राग कानाने ओळखायचा असेल तर स्वर मोजू नका

शास्त्रीय संगीतातल्या मध्यमा-विशारदच्या तोंडी परीक्षेत परीक्षक एखादा स्वरसमूह गुणगुणतात आणि राग विचारतात. नुसता पाठांतराचा तक्ता इथे कामाला येत नाही.

१. थाट (राग ज्यातून निघतो तो सात स्वरांचा संच), जाती (चढता-उतरताना किती स्वर लागतात), वादी (रागाचा मुख्य स्वर), संवादी (त्याच्या खालोखालचा), वर्ज्य (रागात न लागणारा) यांच्या व्याख्या आधी पाठ करून टाका.

२. राग सुटा शिकू नका, जोडीने शिका. भूप आणि देसकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. म्हणजे कोणते स्वर लागले हे शोधत बसलात की अडकलात. बहुतेक विद्यार्थी इथेच मार्क घालवतात.

३. आता खरं काम. तानपुरा लावा, कागद घ्या आणि गायकाचा सूर जिथे विसावतो तो स्वर एका अक्षरात लिहीत जा. दुसरं काही लिहू नका. भूपात ‘सा रे ग, प ग, ध प ग, रे सा’ अशी चाल, त्यामुळे कागदावर ग पुन्हापुन्हा येतो. देसकारात ‘ध, प, ग प ध प’: मुक्काम धैवत-पंचमावर (ध-प), रिषभ (रे) जाता जाता लागतो, सगळी हालचाल उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात.

इतक्यावर भूप म्हणून मोकळे होऊ नका. शुद्ध कल्याण रागाचा आरोह (चढता क्रम) थेट भूपाचाच असतो. उतरताना तार षड्जावरून (वरच्या सा वरून) धैवतावर येणाऱ्या मींडेत, म्हणजे सूर न तोडता घसरत येण्यात, निषाद (नी) आणि पंचमावरून गंधारावर (ग) येणाऱ्या मींडेत तीव्र मध्यम (चढा म) लपलेला असतो. अवरोह (उतरता क्रम) ऐकल्याशिवाय उत्तर देऊ नका.

‘प्रत्येक रागाचं एक सिनेगीत लक्षात ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सिनेगीत मध्येच राग सोडतं, आणि परीक्षकाच्या चार स्वरांत त्या गाण्याची चाल नसतेच.

४. सरावाला सतार, बासरी, सारंगीच घ्या. ख्याल घेतलात तर बंदिशीचे शब्द राग सांगून टाकतात आणि कान आळशी राहतो. दुसऱ्या कुणाला तरी नाव झाकून आलापाची पहिली दोन मिनिटं लावायला सांगा.

५. मग मारवा, पूरिया, सोहनी. तिन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य. रिषभ-धैवतावर जोर असेल तर मारवा, गंधार-निषादावर असेल तर पूरिया, तार षड्जाभोवती घोटाळत राहिला तर सोहनी.

६. ताल हातावर मोजा. खाली (टाळी न देता हात उलटा दाखवायची जागा) झपतालात ६व्या मात्रेवर, त्रितालात ९व्या आणि रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवर.

उत्तर देताना कारणही जोडा: ‘धैवतावर न्यास (मुक्काम), रिषभ अल्प, म्हणून देसकार.’