इलेक्ट्रॉनचा रस्ता वहीत आणि एक्सेलमध्ये कसा काढायचा

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमळनेरहून भाचा आला होता, बारावीचा, आणि त्याचं एकच रडगाणं, मामा गणितात गुरुत्वाकर्षण, विद्युत, चुंबकीय अशी तीन तीन फील्ड म्हणजे क्षेत्रं एकदम दिली की सुरुवात कुठून करू तेच सुचत नाही. त्याला जळगावच्या त्या उन्हात कूलरसमोर बसवून जसं सांगितलं तसंच इथे लिहितोय, वही-पेन लागेल आणि जमलं तर एक्सेल.

आधी सूत्रात घुसायचं नाही, कोणाचा जोर किती ते काढायचं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१ × १० चा उणे ३१ वा घात किलो, त्याला ९.८ ने गुणलं की वजन आलं, साधारण ९ × १० चा उणे ३० वा घात न्यूटन. आता १ सेंटीमीटर अंतरावरच्या दोन प्लेटांना फक्त १ व्होल्ट लावा, फील्ड झालं १०० व्होल्ट प्रति मीटर, त्याला प्रभाराने म्हणजे १.६ × १० चा उणे १९ वा घात कूलोंबने गुणा आणि वजनाने भागा. सुमारे १.८ लाख कोटी पट! म्हणून इलेक्ट्रॉन असेल तर गुरुत्वाकर्षणावर सरळ काट मारायची. पण डोळे झाकून नाही हं, इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजणाऱ्या मिलिकनच्या प्रयोगातला तेलाचा थेंब असेल तर तिथे वजनच अर्धा खेळ आहे. १ मायक्रॉन त्रिज्येचा थेंब, त्यावर ५ इलेक्ट्रॉनचा प्रभार, प्लेटा १ सेंटीमीटरवर, तर साधारण ४६० व्होल्टला तो हवेत तरंगत उभा राहतो.

मग विद्युत क्षेत्र. हे सोपं, फेकलेल्या दगडासारखा वाकडा रस्ता, फक्त इलेक्ट्रॉन ऋण आहे म्हणून क्षेत्राच्या उलट ओढला जातो. पुढे चला.

खरी गोची चुंबकीय क्षेत्रात होते. आमच्या आजोबांच्या खळ्यावर मळणीला मधे तिवडा असायचा आणि त्याला बांधलेले बैल गोल गोल फिरायचे. दोरी बैलाला आत ओढते, वळवते, पण पुढे ढकलत नाही, चालतो तो त्याच्या चालीनेच. चुंबकीय बल अगदी तसंच, कायम वेगाला काटकोनात, त्यामुळे दिशा बदलते आणि चाल तेवढीच राहते. (दोरीची लांबी ठरलेली असते, इथे मात्र वेग वाढला की गोलही मोठा होतो, तेवढा फरक.) बलाची दिशा दहावीतल्या फ्लेमिंगच्या डाव्या हाताने काढायची आणि इलेक्ट्रॉनसाठी उत्तर उलटं करायचं, निम्मी पोरं इथेच मार्क घालवतात.

त्रिज्या म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, भागिले प्रभार गुणिले चुंबकीय क्षेत्र. १००० व्होल्टने पळवलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १.९ कोटी मीटर जातो, ०.०१ टेस्लात त्याचा गोल जेमतेम १ सेंटीमीटर त्रिज्येचा. जुन्या डब्बा टीव्हीत चित्र असे पळवलेले इलेक्ट्रॉनच काढायचे, लहानपणी मी स्पीकरचं चुंबक त्याच्या काचेला लावलं होतं, चित्र वाकडं झालं आणि कोपऱ्यात जांभळा डाग पडला तो दोन दिवस गेला नाही, वडिलांनी काय केलं ते सांगत नाही. वेगाचा काही भाग क्षेत्राच्या दिशेनेच असेल तर त्या भागाला चुंबक हात लावत नाही, मग रस्ता स्प्रिंगसारखा होतो.

आता एक्सेल. कॉलम करा वेळ, एक्स, वाय, आणि दोन दिशांचे वेग, आणि शेजारी एक जास्तीचा कॉलम एकूण वेगाचा, तो विसरू नका. भाच्याने जुन्या वेगावरून बल, बलावरून नवा वेग असं सरळ भरत नेलं, प्रत्येक पावलाला ०.१ रेडियन वळण, तर गोल बंदच होईना, जलेबीसारखा बाहेर बाहेर. जास्तीच्या कॉलममध्ये एका फेऱ्यात वेग जवळपास ३७ टक्के वाढलेला! चुंबक वेग वाढवत नाही, म्हणजे चूक आपल्या पद्धतीची. इलाज असा, चुंबकाचं बल बेरजेने लावायचंच नाही, वेगाचा बाण तेवढ्या कोनातून साईन-कोसाईनने फिरवायचा. विद्युत क्षेत्रही असेल तर त्याचा अर्धा धक्का आधी, मग फिरवणं, मग उरलेला अर्धा धक्का.

गोल बंद झाल्यावर त्याने उजवीकडे थोडं विद्युत क्षेत्र टाकलं आणि बघतो तर वेटोळी उजवीकडे नाही, डावीकडेही नाही, काटकोनात सरकायला लागली. "मामा, हाई काय व्हयनं?" अरे, अर्ध्या फेऱ्यात वेग वाढतो तिथे वळण मोठं, उरलेल्या अर्ध्यात वेग कमी तिथे वळण लहान, मग वेटोळं जुळणार कसं, ते बाजूला सरकतं, आणि सरकण्याचा वेग विद्युत क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र एवढाच, प्रोटॉन घ्या की इलेक्ट्रॉन, दोघं एकाच बाजूला. विद्युत क्षेत्राच्या जागी गुरुत्वाकर्षण टाकून बघा, तेव्हा मात्र दोघं एकमेकांच्या उलट दिशेला जातात.