जॉर्जियातील उद्योगपती-राजकारण्याचे चरित्र कसे लिहावे

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एकोणिसाव्या शतकात जो माणूस सत्तेवर असे, तोच पुष्कळदा रेल्वेचा, खाणीचा किंवा बँकेचाही कर्ताधर्ता असे. अशा माणसाचे चरित्र लिहिताना बहुतेक जण राजकारणाला एक प्रकरण देतात आणि व्यवसायाला दुसरे. त्यामुळे दोहोंमधला धागा वाचकाला दिसतच नाही. म्हणून लेखनाला बसण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर दोन रकाने आखावेत आणि डावीकडे पदे, उजवीकडे व्यवहार, असे तारखांसह समोरासमोर मांडावेत.

जॉर्जियाचे जोसेफ ई. ब्राउन यांच्यावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. डाव्या रकान्यात 1857 ते 1865 गव्हर्नरपद, 1868 पासून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद आणि 1880 ते 1891 अमेरिकेच्या सिनेटचे सदस्यत्व येते. त्यांनी न्यायाधीशपद 1870 मध्ये सोडले, आणि त्याच वर्षी अटलांटा ते चॅटानूगा धावणारी, राज्याच्या मालकीची वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वे 20 वर्षांच्या भाडेपट्ट्याने, दरमहा 25,000 डॉलरला, ज्या कंपनीला मिळाली तिचे अध्यक्ष ब्राउन झाले, ही नोंद उजव्या रकान्यात येते. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर ते रिपब्लिकन पक्षात गेले आणि पुढे डेमोक्रॅटिक पक्षात परतले. या कोलांटउड्या नुसत्या वाचल्या तर चंचलपणा वाटतो. उजव्या रकान्याशेजारी ठेवून वाचल्या तर निदान वेगळे प्रश्न तरी सुचतात. मात्र दोन तारखा शेजारी आल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे लिहू नये, त्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा.

पुराव्यासाठी विधिमंडळाच्या कामकाजाची छापील इतिवृत्ते, त्या-त्या वर्षाचे कायदे, काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीतील खरेदीखते आणि करनोंदी पाहाव्यात. वृत्तपत्रांत अग्रलेखांपेक्षा कायदेशीर जाहिराती आधी वाचाव्यात, कारण लिलाव, भागीदारी आणि दिवाळखोरी तिथेच सापडते. त्या काळी निघालेल्या जाडजूड जिल्हा-इतिहासांतील चरित्रे तारखांचा माग काढण्यापुरतीच वापरावीत. त्यांतील अनेक मजकूर वर्गणीदारांच्या खर्चाने छापलेला असे, आणि वर्गणी भरणाऱ्याला कोण वाईट म्हणणार!

जनगणनेकडे मात्र सावकाश पाहावे. 1860 आणि 1870 या दोन्ही वर्षी स्थावर आणि जंगम मालमत्तेची किंमत वेगवेगळी विचारलेली आहे. दोन आकडे शेजारी ठेवले की पुष्कळ धनिकांची जंगम मालमत्ता कोसळलेली दिसते, आणि त्याचे मोठे कारण असे की 1860 च्या आकड्यात गुलाम माणसांची किंमतही धरलेली असे. त्या माणसांची वेगळी यादी 1850 आणि 1860 मध्ये केली गेली. तिच्यात मालकाचे नाव आहे, गुलामांचे मात्र बहुतेक ठिकाणी केवळ वय, लिंग आणि वर्ण. 1890 च्या जनगणनेचा भरवसा धरू नये, कारण 1921 मध्ये लागलेल्या आगीमुळे तिचे जवळजवळ सगळे कागद हातचे गेले.

ब्राउन यांच्या डेड काउंटीतील कोळशाच्या खाणींत राज्याने भाड्याने दिलेले कैदी राबत होते, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ही पद्धत जॉर्जियात 1908 पर्यंत चालली. हा भाग लिहिताना केवळ ‘कामगार’ असा मोघम शब्द वापरून पुढे जाऊ नये. गुलामांच्या याद्यांत नावे नव्हती, पण तुरुंग खात्याच्या नोंदवह्यांत कैद्यांची नावे आहेत. ज्या वर्षी मालक सिनेटमध्ये बसला, त्या वर्षीच्या पानावरची काही नावे उजव्या रकान्यात उतरून घ्यावीत आणि चरित्राच्या मजकुरात, तळटीपेत नव्हे, छापावीत.