कोकणात रानटी ट्युलिप लावताय? मग या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी क्लुसियाना जातीचे दहा कंद मागवले आणि सुरण, हळद लावतो तसे शेणखत घालून परड्यात पुरले, पाणी मारलं आणि विसरले. महिन्याने उकरून बघते तर हाताला नुसता चिकट लगदा. आपले कंद पावसाने जागे होतात, हे पाहुणे थंडीने, एवढंच मला कळलं नव्हतं. क्लुसियाना मूळची इराण, अफगाणिस्तान, पश्चिम हिमालय या पट्ट्यातली, तिकडे हिवाळा कडक आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. आपल्याकडे जानेवारीत रात्री पंखा बंद केला की थंडी पडली म्हणायचं, त्या थंडीत ट्युलिप कुठला फुलतोय!

म्हणून थंडी फ्रिजमध्येच द्यायची, ४ ते ९ अंशांत निदान १२ आठवडे. फ्रीजरमध्ये टाकू नका, कंद फुटतो. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते, कागदी पिशवी बरी. आणि त्या खणात चिकू, केळी, पपई, सफरचंद काहीच नको, पिकत्या फळातून एथिलीन वायू सुटतो आणि कंदाच्या आत जी इवलीशी कळी तयार असते ती तिथेच मरते. बाहेरून कंद टणटणीत दिसतो हो, म्हणून तर फसायला होतं, मग पानं मस्त येतात आणि मधे कळी सुकून तपकिरी कागद झालेली. ती दिसली तर आधी फळं आठवा, मग पुढच्या वेळी खत बदलायचं बघा.

पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, हे मी हसण्यावारी नाही सांगत. रानटी जातींचे कंद मोठ्या लसणाच्या पाकळीएवढे असतात, आमच्याकडे सासूबाईंनी फोडणीसाठी दोन सोलायला घेतले होते, नशीब मी तेवढ्यात आत आले. ट्युलिपचे कंद विषारी असतात आणि काहींच्या हाताला त्याने खाजही सुटते.

लहान कंदांचा एक फायदा मात्र आहे. चार इंची कुंडीत पाच कंद लावून अख्खी कुंडीच फ्रिजमध्ये ठेवता येते, मुळं थंडीतच धरतात. मी आता असंच करते, ऑक्टोबरच्या शेवटी कंद आले की लगेच. माती जेमतेम ओलसर ठेवायची. जानेवारीच्या शेवटी कुंडी बाहेर आली की साधारण तीन-चार आठवड्यांत फूल. पण एकदम कडक उन्हात नको, सकाळचं ऊन मिळेल अशी पडवीची कड बघा. फूल मातीला टेकूनच उमललं, दांडा वाढलाच नाही, तर थंडी कमी पडली समजा.

माती म्हणाल तर आपली जांभ्याची लाल माती एकटी नको, ती आंबट असते. अर्धी जाड नदीची वाळू घाला, चिमूटभर चुना घाला. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून कुणी आणत असेल तर नको, मीठ असतं त्यात. घुशींसाठी कुंडीवर जाळी टाका. शेजारच्या काकींनी ती जाळी बघूनच विचारलं, "ह्या काय गो, लसूण लावलंस काय?"

संध्याकाळी फूल मिटलं म्हणून घाबरू नका, ते तसंच मिटतं, ढग आले तरी मिटतं. उन्हात उघडलं की आतून पांढरं, तळाशी जांभळं, बाहेरून गुलाबी पट्टे. दोन-चार दिवसांचंच कौतुक, आपल्या उकाड्यात जास्त टिकत नाही.

आणि शेवटची चूक म्हणजे तेच कंद पुढच्या वर्षी फुलतील असं धरून चालणं. पानं पिवळी होईपर्यंत थांबून मी गेल्या मे महिन्यात पाच कंद काढले आणि सावलीत सुकवून कागदात बांधून कपाटात ठेवले. गणपतीत उघडले तर तीन मऊ पडलेले. उरलेले दोन फ्रिजमधून काढून लावले, दोघांनाही एकेक रुंद पान आलं. एकच पान आलं की त्या वर्षी फूल नाही.