कुत्र्याची इलेक्ट्रॉनिक ट्रेनिंग कॉलर: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

टिप्या आमच्याकडे आला तेव्हा दीड वर्षाचा होता. घरात अगदी शहाणा, पण मैदानावर दोरी सोडली की हाकेला ओ देणार नाही. दोन-तीन महिने घसा फोडून झाल्यावर मी रिमोटवर चालणारी कॉलर मागवली. ती हातात पडली त्याच संध्याकाळी त्याच्या गळ्यात घालून मैदानावर गेले. तो एका सायकलीमागे सुटला. मी हाक मारली, तो थांबला नाही, मी बटण दाबलं. तो केकाटला, जागीच थांबला आणि माझ्याकडे येण्याऐवजी त्या सायकलीकडे बघत राहिला.

मला वाटलं, जमलं. आठवडाभरात सायकल दिसली की तो अंगावर धावून भुंकायला लागला. आधी सायकलीमागे पळणं हा त्याचा खेळ होता, आता सायकल म्हणजे मानेला बसणारा झटका झाली. त्याच्या बाजूने हिशोब बरोबरच होता: सायकल आली, तेव्हा दुखलं. माझी हाक आणि तो झटका यांचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. ते काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. ती भीती काढायला सहा-सात महिने लागले. रोज रस्त्यापासून लांब बसायचं, सायकल दिसली की खाऊ द्यायचा, आणि अंतर इंचाइंचाने कमी करायचं. म्हणून पुढचं सगळं कळकळीने लिहिते आहे.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: न शिकवलेल्या गोष्टीसाठी कॉलर वापरणं

कॉलर कुत्र्याला काहीही शिकवत नाही. ती फक्त एक खूण पोहोचवते. त्या खुणेचा अर्थ आधी शिकवला नसेल, तर कुत्र्याच्या वाट्याला नुसता दचका येतो, आणि त्या क्षणी समोर जे असेल त्याला तो तो दचका चिकटवतो. समोर लहान मूल असलं तर मुलाला, दुसरा कुत्रा असला तर त्या कुत्र्याला.

त्यामुळे आधी स्वतःला विचारा: घरात, दार बंद असताना, कुत्रा दहापैकी किती वेळा हाकेला येतो? नऊ वेळा येत नसेल, तर मैदानावर तो ऐकत नाही म्हणण्यात अर्थ नाही. त्याला हाकेचा अर्थच पक्का कळलेला नाही. अशा वेळी पाच ते दहा मीटरची लांब दोरी कॉलरपेक्षा कितीतरी उपयोगी पडते. दोरी छातीच्या पट्ट्याला अडकवा, मानेला नको. हाक एकदाच मारा. तो वळला की लगेच शाबासकी, जवळ आला की त्याला सगळ्यात आवडणारा खाऊ, आणि मग पुन्हा मोकळं सोडा. हे शेवटचं फार जण विसरतात. हाक मारली की दरवेळी दोरी लावून घरी नेलं, तर हाक म्हणजे मजा संपली हेच तो शिकतो.

ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३ कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हाकेला न येणारे, जनावरांमागे धावणारे असे हे कुत्रे होते. एका गटाला इलेक्ट्रॉनिक कॉलरने शिकवलं, दुसऱ्या गटाला त्याच प्रशिक्षकांनी कॉलरशिवाय, आणि तिसऱ्या गटाला प्रामुख्याने बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. मालकांना सुधारणा तिन्ही गटांत दिसली. कॉलरच्या गटाला वेगळा असा ठोस फायदा मिळाला नाही, उलट त्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली. कॉलर विकत घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दुखण्याला हट्ट समजणं

कालपर्यंत ऐकणारा कुत्रा अचानक ऐकेनासा झाला, हात लावल्यावर गुरगुरायला लागला, तर कॉलर नाही, पशुवैद्य शोधा. कानातला संसर्ग, सांधेदुखी, दातदुखी, नजर कमी होणं, बहिरेपणा ही सगळी वरवर हट्टासारखी दिसतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर हे हमखास तपासून घ्या.

निवडताना होणाऱ्या चुका

बाजारातल्या बहुतेक कॉलरमध्ये तीन प्रकार असतात: बीप, व्हायब्रेशन आणि शॉक. शॉकला बरेच विक्रेते ‘स्टॅटिक’ असं सौम्य नाव देतात. नाव काहीही असो, गळ्याला टेकलेल्या दोन धातूच्या पिनांमधून विजेचा छोटा स्पंद कातडीत जातो. माझा सल्ला स्पष्ट आहे: फक्त बीप आणि व्हायब्रेशन असलेली कॉलर घ्या. शॉकची सोय आहे, पण आपण वापरणार नाही, असं ठरवून घेतलेल्या कॉलरवर घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. किंवा राग आला की हात तिकडेच वळतो.

रेंजचा आकडा बघून भुलू नका. तो मोकळ्या जागी, मध्ये काहीही आडवं नसताना मोजलेला असतो. झाडं, भिंती, उंचसखल जमीन आली की तो बराच खाली येतो. तसंही, कुत्रा डोळ्यांना दिसत नसताना बटण दाबूच नये. तो काय करतो आहे, त्याच्यासमोर कोण आहे, हे माहीत नसताना दिलेली खूण आंधळी असते.

वजन मात्र नीट बघा. मोठ्या कुत्र्यासाठी बनवलेला डबा (पट्ट्यावरचं यंत्र) लहान कुत्र्याच्या मानेवर लोंबकळतो, सरकतो आणि घासतो. व्हायब्रेशनच्या जोराच्या पायऱ्या जितक्या जास्त आणि बारीक तितकं चांगलं. दोन-तीनच पायऱ्या असतील तर एकीवर काही कळत नाही आणि दुसरीवर तो उडीच मारतो. रिमोटला लॉक हवा, नाहीतर खिशातच बटण दाबलं जातं. आयपीएक्स७ लिहिलेलं असेल तर ती कॉलर १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकायला हवी. पोहणाऱ्या कुत्र्यासाठी याहून कमी घेऊ नका.

भुंकण्यावर आपोआप चालणाऱ्या कॉलर मी कोणालाच सुचवत नाही. कुत्रा का भुंकतो आहे हे त्या यंत्राला कळत नाही. एकटं राहण्याच्या भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्याला भुंकल्याची शिक्षा मिळाली की भीती तशीच राहते, फक्त ती बाहेर पडायची वाट बंद होते. मग दार ओरबाडणं, पंजे चाटून जखमा करणं सुरू होतं. शिवाय काही कॉलर शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यानेही चालू होतात.

शॉकबद्दल

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातला १४ बीगल कुत्र्यांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना खोट्या सशाला तोंड लावलं त्याच क्षणी झटका दिला, काहींना हाक न मानल्यावर, आणि काहींना कधीही, कसलाही संबंध नसताना. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तिसऱ्या गटात सगळ्यात जास्त वाढलं आणि त्याखालोखाल दुसऱ्या गटात. झटका कशामुळे बसला आणि तो कसा टाळायचा हे ज्याला कळत नाही, त्याचे हाल सर्वात जास्त. आता विचार करा, मैदानावर हातात रिमोट घेतलेल्या आपल्यासारख्यांची वेळ किती अचूक असेल? प्रयोगशाळेत साधलेला तो क्षण आपल्याला रोज साधणार नाही. मला तर पहिल्याच संध्याकाळी साधला नाही.

वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्या-मांजरांवर झटका देणाऱ्या कॉलर वापरायला बंदी आहे, आणि इतरही काही देशांनी अशा कॉलरवर निर्बंध घातले आहेत. तुम्ही राहता तिथला नियम विकत घेण्याआधीच तपासा. आणि काही बाबतींत तर शॉकचा विचारही करू नका: पिल्लं, म्हातारे किंवा आजारी कुत्रे, गाभण कुत्री, भित्रे कुत्रे, आणि अंगावर जाणारे कुत्रे. गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते. झटका देऊन ती सूचना दाबली, तर पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावेल.

गळ्यात घालताना

पट्टा आणि मान यांमध्ये एक-दोन बोटं जातील इतपत घट्ट हवा. सैल राहिला तर डबा हलतो आणि घासून कातडी सोलवटते. आवळला तर पिना रुततात. पिना असलेली कॉलर तासन् तास एकाच जागी राहिली की तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि जखम होते. लोक ती शॉकने भाजल्याची जखम समजतात, पण बऱ्याचदा ती नुसत्या दाबाची असते. दर एक-दोन तासांनी जागा बदला, दिवसभर घालून ठेवू नका, रात्री तर नाहीच. फक्त व्हायब्रेशन वापरत असाल आणि पिना काढता येत असतील, तर काढून गुळगुळीत टोपण लावा.

चालवायची दोरी या कॉलरला कधीच अडकवू नका. ओढ बसली की सगळा भार डब्यावर येतो. रोज संध्याकाळी कॉलर काढून केस बाजूला करून मान बघा. आठवड्यातून एकदा डबा आणि पट्टा ओल्या फडक्याने पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच परत घाला.

खुणेचा अर्थ असा शिकवा

पहिला आठवडाभर कॉलर बंद ठेवूनच घाला. घातली की फिरायला जायचं, खेळायचं, जेवायचं, आणि मग काढायची. पेटीतून काढली रे काढली की बटण, ही घाई कॉलरची भीती घालते.

मग शांत खोलीत, हातात खाऊ घेऊन, सगळ्यात कमी पायरीवर एक बारीक बीप किंवा व्हायब्रेशन द्या. त्याच्या पाठोपाठ लगेच खाऊ. त्याने काहीच करायची गरज नाही. एका वेळी दहा-बारा वेळा पुरे, दिवसातून दोनदा. तीन-चार दिवसांनी तो दुसरीकडे बघत असताना खूण द्या. मान झटकन तुमच्याकडे वळली तर अर्थ पोहोचला. वळली नाही तर पायरी वाढवू नका, आधी आणखी दोन दिवस तोच सराव करा. त्यानंतर खूण आणि हाक एकत्र, मग अंगणात लांब दोरीवर, आणि सगळ्यात शेवटी मैदानावर.

बहिऱ्या कुत्र्यांसाठी ही पद्धत फार मोलाची आहे. त्यांना हाक ऐकूच येत नाही, आणि मानेवरची हलकी थरथर म्हणजे ‘इकडे बघ’ हे कळलं की त्यांना मोकळं फिरता येतं. या कॉलरचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

घरात रिमोट एकाच माणसाकडे ठेवा आणि मुलांच्या हाती पडू देऊ नका. राग आला असेल तर तो खाली ठेवा. कुत्रा उशिरा का होईना परत आला, तर त्याला खाऊ द्या. परत आल्यावर बटण दाबणं म्हणजे परत येण्याची शिक्षा.

नेहमी येणाऱ्या अडचणी

*व्हायब्रेशनने तो घाबरून आक्रसतो.* व्हायब्रेशन नेहमीच सौम्य असतं असं नाही. काही कुत्र्यांना ते झटक्यापेक्षाही भयंकर वाटतं. कान मागे, शेपूट पायात, सारखी जांभई, ओठावर जीभ फिरवणं, किंवा एकदम पुतळ्यासारखं थिजणं दिसलं तर लगेच थांबा. फक्त बीप वापरून बघा, किंवा शिट्टीवर या. साधी शिट्टी लांबवर ऐकू जाते आणि कातडीला काही करत नाही.

*त्याला काही जाणवतच नाही.* बॅटरी, रिमोटशी जोडणी आणि पट्ट्याचा सैलपणा आधी तपासा. व्हायब्रेशन स्वतःच्या तळहातावर घेऊन बघा. दाट केसांच्या कुत्र्यात डबा केसांवरच तरंगत राहतो. केस विंचरून बाजूला करा, मानेची हजामत करू नका. हे सगळं ठीक असेल तर बहुधा समोरचं आकर्षण फार मोठं आहे. पायरी वाढवण्याऐवजी अंतर वाढवा.

*आधी चालायचं, आता चालत नाही.* खाऊ बंद झाला का? लोक महिन्याभरात बक्षीस थांबवतात आणि नुसती खूण देत राहतात. खुणेचा अर्थ मग पुसट होत जातो. दर वेळी नाही, पण अधूनमधून भरघोस बक्षीस कायम ठेवा.

*कॉलर काढली की ऐकत नाही.* तो हाकेला नाही, कॉलरला ऐकतो आहे. हाक आधी मारा, दोन सेकंद थांबा, आणि गरज पडली तरच खूण द्या. मधूनमधून कॉलर घालून बटणाला हात न लावता पूर्ण फेरी मारा. अशा फेऱ्या वाढवत न्या. आमच्याकडे त्याला चार महिने लागले.

*गळ्यावर लाल चट्टे किंवा केस गेलेत.* कॉलर लगेच काढा आणि कातडी पूर्ण बरी होईपर्यंत घालू नका. चट्टे पिनांच्याच जागी असतील तर दाब किंवा धातूची ॲलर्जी असू शकते. निकेलची ॲलर्जी असली तर टायटॅनियमच्या पिना मिळतात. ओलसर, वास येणारी किंवा खोल जखम असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

*कॉलर दिसली की तो पलंगाखाली जातो.* इथे थांबाच. कॉलर कपाटात ठेवा, काही आठवडे काढूच नका, आणि वर्तनाचं ज्ञान असलेल्या पशुवैद्याशी किंवा बक्षिसावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाशी बोला. जाताना तो घाबरतो तेव्हाचा मिनिटभराचा व्हिडिओ सोबत न्या, कारण दवाखान्यात तो वेगळाच वागेल.